सीसीएक्सटीमधून भाव मिळतो, पण शिल्लक मागितली की टाइमस्टॅम्पची त्रुटी का येते?

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावातून सीसीएक्सटी (क्रिप्टो एक्स्चेंजांशी जोडणारी प्रोग्रामिंग लायब्ररी) वापरून बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजवरील बिटकॉइनचा भाव व्यवस्थित येतो, मात्र खात्यातील शिल्लक मागताच -१०२१ ही त्रुटी येते, असे आपण लिहिले आहे. भाव ही सार्वजनिक माहिती असल्याने तिला एपीआय की (प्रोग्रामला आपले खाते वापरू देणारी किल्ली) लागत नाही. शिल्लकेची विनंती मात्र गुप्त कीने स्वाक्षरित होते आणि तिच्यासोबत आपल्या संगणकाची वेळ मिलिसेकंदांत जाते. ती वेळ बायनान्सच्या सर्व्हरच्या वेळेपेक्षा १००० मिलिसेकंदांहून अधिक पुढे असेल, किंवा विनंती पोहोचेपर्यंत तिची मुदत (बायनान्सवर मुळात ५००० मिलिसेकंद) उलटली असेल, तर विनंती नाकारली जाते.

जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपलेली असली, की भारनियमनानंतर घड्याळ चुकते; म्हणून आधी ती बदलावी आणि घड्याळ इंटरनेटवरून जुळवावे. (साडेपाच तास वजा करण्याच्या फंदात पडू नये, कारण ही वेळ मुळातच यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, मोजलेली असते.) शिवाय सीसीएक्सटीच्या ऑप्शन्समध्ये 'ॲडजस्टफॉरटाइमडिफरन्स' सुरू केल्यास लायब्ररी सर्व्हरच्या वेळेशी असलेला फरक स्वतःच भरून काढते. मुदत वाढवत नेणे हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे.

पुढे ऑर्डर देऊ लागाल, तेव्हा नेटवर्क मध्येच तुटून टाइमआउट आला, तरी ऑर्डर पोहोचलेली असू शकते. त्यामुळे तीच ऑर्डर पुन्हा पाठवण्यापूर्वी, स्वतः दिलेल्या क्लायंट ऑर्डर आयडीवरून तिची स्थिती तपासावी. ऑर्डर देणे सुरू करेपर्यंत कीला केवळ वाचनाचीच परवानगी ठेवावी, पैसे काढण्याची तर कधीही देऊ नये.