अमेरिकेत ओहायोतल्या कयाहोगा काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कमिशनर जिमी डिमोरा तुरुंगात नेमका कशासाठी गेला?

लाच खाल्ल्याबद्दल: काउंटीची कंत्राटं आणि नोकऱ्या यांच्या बदल्यात घराची कामं, लास वेगासची सहल, जेवणावळी असा मलिदा. (कमिशनर म्हणजे आपल्याकडचा नेमलेला आयुक्त नव्हे, निवडून आलेला. हा आधी बेडफर्ड हाइट्सचा महापौर होता, मग काउंटीतल्या डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षही.) हे सगळं खटल्यात उघड झालं, एफबीआयचे छापे जुलै २००८ चे. जुना जोडीदार, काउंटीचा ऑडिटर फ्रँक रूसो, याने गुन्हा कबूल करून त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. २०१२ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. मात्र २८ हा आकडा आता जुना आहे. लाचेच्या बदल्यात केलेलं ‘सरकारी कृत्य’ कशाला म्हणायचं, याची व्याख्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एका वेगळ्या खटल्यात आवळली, त्यानंतर अपिलं होऊन २०२२ मध्ये शिक्षा २३ वर्षांवर आली.