इंटरनेट कंपन्यांना शिस्त लावा असं खासदाराला लिहून काही उपयोग होतो का?

लिहा की. फक्त आधी कुणाला लिहायचं ते बघा, कारण मी तिथंच चुकलो होतो.

तुम्ही विचारलंय की कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखं वागवावं, कुणाला पुढं, कुणाला मागं करू नये, यासाठी लोकप्रतिनिधीला निवेदन द्यावं का आणि त्यात काय लिहावं. माझं खानापूर तालुक्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पहिलं निवेदन टाइप करून, सह्या घेऊन मी बेळगावची बस पकडली. स्टँडवर उतरल्यावर मित्र म्हणाला, "अरे, खानापूरचा खासदार बेळगावचा कुठं असतोय? आपण उत्तर कन्नडमध्ये." प्रत्येक निवडणुकीला मत देतो आणि हे डोक्यात नाही! खानापूर आणि कित्तूर जिल्ह्यानं बेळगावात, लोकसभेला मात्र उत्तर कन्नडमध्ये. निपाणीकडचे असाल तर तुमचा मतदारसंघ चिकोडी.

आमदाराला द्यायचं का? टेलिफोन, इंटरनेट हा केंद्राचा विषय, घटनेच्या संघ सूचीत 31 वा. त्यावर विधानसभा कायदा करत नाही, मग डिसेंबरात बेळगावच्या अधिवेशनावेळी सुवर्ण विधानसौधसमोर कितीही बसा. रस्ता खोदायची परवानगी, जेसीबीनं तोडलेली केबल, पंचायतीनं अडवलेलं काम, यासाठी आमदार उपयोगाचा. दोन्ही गोष्टी एकाच कागदात कोंबू नका.

आता मुद्दा. आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, ठरवलं की कुठली वेबसाइट बघता यावरून डेटाचा दर कमीजास्त करता येणार नाही. मोडलं तर दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख दंड. 2018 साली दूरसंचार खात्यानं एखादी साइट अडवायची किंवा मुद्दाम हळू करायची नाही, ही अट कंपन्यांच्या परवान्यातच घातली. पण दर ट्रायच्या विनियमात आणि बाकीचं परवान्याच्या अटीत, संसदेच्या कायद्यात हे तत्त्व नाहीच. 2023 चा नवा दूरसंचार कायदा झाला, त्यातही ते घातलं नाही. अट सरकारनं घातली, उद्या सरकारच काढू शकतं. अमेरिकेत हाच खेळ झाला: त्यांच्या दूरसंचार आयोगानं 2015 ला नियम केले, 2017 ला काढले, 2024 ला परत आणले आणि जानेवारी 2025 मध्ये कोर्टानं रद्द केले. म्हणून खासदाराकडं मागायचं ते हे, की ही अट कायद्यात आणा.

घाई का, तर मोबाईल कंपन्या म्हणतात, मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी आम्हाला नेटवर्कच्या खर्चाचा वाटा द्यावा. ऐकायला रास्त वाटतं. पण कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकवाल्यानं टोल भरल्यावर आतला गूळ कुणाचा म्हणून गुऱ्हाळवाल्याकडंही पैसे मागितल्यासारखं आहे ते. मोठे देतीलही. नवीन, बारक्यांचं काय?

माझ्या पहिल्या निवेदनात दुसरी चूक होती. संध्याकाळी सातला एक म्हातारे काका पहाणीसाठी, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यासाठी, उभे होते, त्या सरकारी साइटचं पान नुसतं गोल फिरत होतं. प्लॅन 40 एमबीपीएसचा, मोजलं तर 3. त्याच वेळी बाकावर बसलेला पोरगा त्याच लाइनवर कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर पिक्चर बघत होता, एकदाही न अडकता. मी रागानं लिहिलं, "कंपनी सरकारी साइट जाणूनबुजून अडवते." लाइन जोडणाऱ्या पोरानं वाचलं आणि हसला. म्हणाला, पिक्चरची प्रत कंपनीच्या जवळच्या सर्व्हरवर साठवलेली असते, तुमचं पान लांबनं येतं, आणि ती साइट तर दुपारीही रडतेच. असं साठवणं नियमात बसतं. ते वाक्य खोडलं.

पण खरं काय, हे मी किंवा तुम्ही ठरवणार कसं? ट्रायनं सप्टेंबर 2020 मध्ये शिफारस केली होती की कंपन्या इंटरनेटवरची डेटाची वाहतूक कशी हाताळतात हे बघायला सगळ्यांची मिळून एक संस्था असावी. माझ्या दुसऱ्या निवेदनात एवढंच विचारलंय: त्या शिफारशीचं पुढं काय झालं, हा प्रश्न लोकसभेत विचारा. सोबत दोन महिन्यांची वही जोडली: तारीख, वेळ, प्लॅन, मोजलेला वेग. 'लक्ष घालावे' असं लिहिलं की कागद फाइलीत जातो. नेमका प्रश्न दिला तर पीएचं काम हलकं होतं. प्रश्नाची सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधीच पोचवा.

मराठीत लिहिलं तर चालेल का, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. चालतं. घटनेचं कलम 350 सांगतं की तक्रारीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. हट्टानं मराठीतच दिलं, पण मागं एक पान कन्नडमध्ये जोडलं. वाचणाऱ्याशी काय भांडण आहे आपलं?

उपयोगाचं म्हणाल तर एप्रिल 2015 मध्ये लोकांनी ट्रायला दहा लाखांवर ईमेल पाठवले होते, आणि वर सांगितलेला 2016 चा नियम त्यानंतरचा आहे. त्यातला एकही ईमेल माझा नव्हता, तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

माझ्या दुसऱ्या निवेदनाची पोचपावती आलीय, उत्तर नाही. पुढच्या अधिवेशनाआधी परत जाणार आहे. बेळगावच्या बसनं नाही.