सासू-सासरे आणि मुलांना घेऊन यलोस्टोनला ट्रेलर न्यावा का?

तुमचे सासू-सासरे भारतातून येताहेत, सोबत दोन मुलं, आणि प्रश्न आहे ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, भाड्याने घ्यावा की हॉटेलात राहावं. आम्हीही असेच सहाजण सॉल्ट लेक सिटीहून 24 फुटी ट्रेलर ओढत गेलो होतो. माझं म्हणणं, घ्या. पण पार्कच्या पश्चिम दाराशी असलेल्या वेस्ट यलोस्टोन गावात एका जागी लावून टाका आणि रोज नुसती गाडी घेऊन पार्कात हिंडा. मोटरहोम, म्हणजे घर आणि गाडी एकच, घेतलं तर अख्खं घर सोबत फिरवावं लागतं, ते इथे टळतं.

वजनाचा हिशोब आधी करा. आमची एसयूव्ही 7,000 पौंड ओढू शकते, भरलेला ट्रेलर 5,000 चा, म्हणून आम्ही निवांत होतो. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, गाडीत माणसं आणि सामान मिळून किती भार चालेल याचा. आमच्या गाडीचा आकडा 1,600. ट्रेलरच्या वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलरच्या सांध्यावर, येतो आणि तोही यातच धरायचा. आमचे साडेसहाशे तिथेच गेले, सहा माणसांचे साडेआठशे. उरले जेमतेम शंभर! सासूबाईंची लाडू-चकल्यांची बॅग गाडीतून काढून ट्रेलरमध्ये टाकली, चाकांच्या जवळ. जड सामान मागच्या टोकाला ठेवलं की ट्रेलर डुलायला लागतो.

सासऱ्यांना वाटलं होतं, मागे रेल्वेच्या स्लीपरसारखं आडवं पडून जाऊ. ते विसरा. चालत्या ट्रेलरमध्ये बसणं बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे, आणि धोक्याचं तर कुठेही.

सव्वातीनशे मैलांना आम्हाला सात तास लागले. आयडाहोत आडवा वारा होता, ॲश्टनच्या पुढे चढ. घाई करू नका, उजेडात पोचा, कारण खरी परीक्षा रिव्हर्सची. नवऱ्याने चारदा प्रयत्न केला. सासरे मागे उभे राहून एसटीच्या कंडक्टरसारखे पत्र्यावर थाप मारत होते, “येऊ दे, येऊ दे”, आणि ट्रेलर भलत्याच दिशेला. शेवटी मी बसले. युक्ती सोपी आहे: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, ट्रेलरची शेपूट जिकडे न्यायची तिकडे हात सरकवा. मागच्या माणसाशी फोनवर बोला, ओरडून काही ऐकू येत नाही.

पहिल्याच पहाटे ट्रेलरमधली वीज गेली. 30 अँपिअरच्या वीजजोडणीवर सगळं मिळून 3,600 वॅट चालतं. सासूबाईंनी हीटर आणि गीझर चालू असतानाच चहाची किटली लावली. नंतर चहा गॅसवरच. कुकर मात्र नक्की न्या. तिथल्या उंचीवर पाणी 93 अंशांच्या आसपास उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही.

संडासाच्या टाकीची धास्ती घेऊ नका. तिचा व्हॉल्व्ह एरवी बंदच ठेवा, नाहीतर पाणी निघून जातं आणि घाण तळाशी बसते. रिकामी करताना आधी ती, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे जाड घ्या. आमच्याकडे हे खातं सासऱ्यांनी आपणहून घेतलं आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.