परीक्षकाची आकडेवारी वाचताना
नागपूरच्या अशिलाचा अमेरिकेतील पेटंट अर्ज तुम्ही प्रथमच हाताळत आहात, म्हणून आवर्जून सांगतो की परीक्षकाचा मंजुरीचा दर सुटा पाहू नका. तो त्याच्याच आर्ट युनिटच्या (एका तंत्रक्षेत्राचे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांच्या गटाच्या) सरासरीशी ताडून पाहा, कारण सॉफ्टवेअर आणि यंत्रे यांतील दर मुळातच वेगळे असतात. नव्या परीक्षकाच्या मोजक्या प्रकरणांवरून काहीच ठरवू नये. माझ्या मते सर्वांत मोलाचा आकडा मुलाखतीनंतरच्या (परीक्षकाशी अर्जावर थेट चर्चा झाल्यानंतरच्या) मंजुरीचा आहे: तो चांगला असेल, तर अंतिम नकारानंतर परीक्षण पुढे चालू ठेवण्याचे शुल्क भरण्यापूर्वी मुलाखत मागा, आणि परीक्षक तरीही क्वचितच बधत असेल, तर अर्जातील दावे (संरक्षण मागणारी कलमे) पुन्हापुन्हा अरुंद करत बसण्याऐवजी अपिलाचा विचार वेळीच करा. भारतीय अर्जाला मात्र हे गणित लावू नका. तेथे पहिल्या परीक्षण अहवालाला 6 महिन्यांत मुद्देसूद उत्तर देण्यावर भर द्या.