फ्राऊ दत्तात्रय

प्रश्न : ताई, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीजीपीए ८.१. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला होता, तो काढला. जर्मनीत मास्टर्स करायचंय. एक कन्सल्टंट म्हणतात, आमचं मार्गदर्शन फुकट, पण सरकारी विद्यापीठात तुझा नंबर लागणार नाही, खासगीच घे. फी वर्षाला १२ लाख. बाबा शेत गहाण ठेवायला निघालेत. काय करू?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : आधी बाबांना थांबव. मग कागद-पेन घे. १० मधून ८.१ वजा कर, १.९ उरले. तुमच्याकडे ४ ला पास असेल तर या १.९ ला ६ ने (१० वजा ४) भाग, ३ ने गुण, त्यात १ मिळव. आले १.९५. हा तुझा जर्मन ग्रेड. तिकडे १ म्हणजे अव्वल आणि ४ म्हणजे काठावर पास. बरेच अभ्यासक्रम २.५ च्या आतला ग्रेड मागतात. नंबर लागेलच असं मी म्हणत नाही, पण ‘लागणारच नाही’ हे कशावरून? फुकट मार्गदर्शन करणाऱ्याचं कमिशन बहुतेक वेळा खासगी कॉलेजकडून येतं, एवढं लक्षात ठेव.

सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षण शुल्क नाही. पण मेकॅनिकलची मुलं हटकून जिथे बघतात तिथेच अपवाद आहेत. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह ज्या राज्यात आहेत तिथे आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून युरोपबाहेरच्या मुलांना फी लावली आहे, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो.

खरा मोठा आकडा ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे व्हिसासाठी राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा. सप्टेंबर २०२४ पासून तो वर्षाला ११,९०४ युरो आहे. शंभर रुपयांना युरो धरला तर बारा लाखांच्या आत-बाहेर. ही फी नव्हे. पैसे तुझेच, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरोप्रमाणे तुझ्याच हातात येतात. शैक्षणिक कर्जातूनही भरता येतात. बँकेत चौकशी करा, शेताचं नंतर बघू.

एपीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे तुझे शिक्षणाचे कागद खरे असल्याचा जर्मनांचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाला लागतंच, फी १८,००० रुपये. ते लांबणीवर टाकू नकोस. अर्ज युनि-असिस्टमार्फत (बऱ्याच विद्यापीठांसाठी परदेशी मुलांचे अर्ज तपासणारी संस्था) असेल तर पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. आठ अर्ज केलेस तर २८,००० रुपयांच्या वर गेले, तेव्हा उगाच वीस ठिकाणी खडा टाकू नकोस. ऑक्टोबरच्या सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, पण काही अभ्यासक्रम मार्च-मेमध्येच दार लावतात. राहिलेल्या विषयाचं दडवू नकोस, ट्रान्सक्रिप्टवर दिसतोच.

आता जे कुणी सांगत नाही ते. तुझी दहावीची मार्कशीट काढ आणि शेजारी पासपोर्ट ठेव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, शेवटी वडिलांचं. मी अर्ज भरताना त्याच क्रमाने नाव टाकलं. त्यांनी शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलला आणि प्रवेशपत्र आलं ‘फ्राऊ दत्तात्रय’ या नावाने. म्हणजे सौ. बाबा! मला हसू आलं, दुरुस्त करायचं राहिलं. बँकेतही तेच पत्र दाखवलं. तिकडे दाराशी टपालपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. पेटीवर मी जोशी, एटीएमचा पिन आला दत्तात्रयांच्या नावाने आणि आल्या पावली परत गेला. अकाउंटमध्ये पैसे असून तीन आठवडे मैत्रिणीकडून उसने घेऊन ब्रेड खाल्ला. तेव्हा अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच रकान्यात भर. मार्कशीटशी जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र इथेच करून ने.

मी शेवटी वहीचं पान फाडून पेटीवर बाबांचं नाव चिकटवलं. पुढच्या आठवड्यात पिन आला.