माझ्या इन्स्टाच्या फूड पेजची रीच एकदम पडलीये, परत कशी आणू?

आधी सेटिंगमध्ये अकाउंट स्टेटस बघा, तुमचा कंटेंट फॉलो न करणाऱ्यांना रेकमेंड होऊ शकतो की नाही ते तिथे सरळ दिसतं, पण लोक ते न बघताच 'इन्स्टाने गुपचूप दाबलं' म्हणत शॅडोबॅन शॅडोबॅन करत बसतात. दुसऱ्यांच्या रील उचलून टाकत असाल तर तिथेच घोडं पेंड खातंय, २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने सांगितलंच होतं की वारंवार असं करणारी अकाउंट रेकमेंडेशनमधून काढणार. ते सगळं क्लीन असेल तर रीलच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे आकडेवारीत, ग्राफ बघा, लोक कुठे सटकतात ते कळेल, बहुतेक वेळा 'नमस्कार मित्रांनो'वरच! ते कापा आणि थेट मिसळीच्या तर्रीवर या. हॅशटॅगचा ढीग लावून काही होत नाही हो, मित्राला डीएम करावीशी वाटेल अशी रील पाहिजे. आणि फॉलोअर विकत घेतले असतील तर मग कठीण आहे.