+९ आणि −४ मायक्रोकूलोमचे चार्ज १० सेंमी अंतरावर आहेत. तिसऱ्या चार्जवरचं बल शून्य कुठे होईल? मला क्ष = २० आणि क्ष = −४ अशी दोन उत्तरं आली, पुस्तकात फक्त २० आहे. −४ का सोडायचं?

कारण तिथे बल शून्य नाहीच, उलट दुप्पट आहे! तुम्ही क्ष हे अंतर ऋण चार्जपासून बाहेरच्या बाजूला मोजलंत. म्हणजे क्ष = −४ हा बिंदू दोन्ही चार्जच्या मध्ये पडतो, ऋणापासून ४ आणि धनापासून ६ सेंमीवर. तिथे दोघांचं क्षेत्र, म्हणजे दर कूलोममागचं बल, प्रत्येकी २.२५ × १०⁷ न्यूटन प्रति कूलोम येतं. पण धन चार्ज ज्या दिशेला ढकलतो त्याच दिशेला ऋण चार्ज ओढतो, म्हणून बेरीज ४.५ × १०⁷. एक नॅनोकूलोमचा चार्ज ठेवलात तर ०.०४५ न्यूटन, साधारण साडेचार ग्रॅमच्या वजनाएवढं बल लागेल.

क्ष² − १६क्ष − ८० = ० हे तुमचं समीकरण फक्त दोन्ही क्षेत्रांची मापं कुठे सारखी आहेत एवढंच सांगतं. अंतराचा वर्ग केला की दिशा पुसली जाते.

म्हणून आधी जागा ठरवा, मग आकडे. चिन्हं सारखी असतील तर बिंदू मध्ये. विरुद्ध असतील तर बाहेर, आणि तोही लहान चार्जच्या बाजूला. मोठ्याच्या बाजूला लहान चार्ज लांबही पडतो, त्याला बरोबरी साधता येत नाही. मग ९/(१०+क्ष)² = ४/क्ष² याचं सरळ वर्गमूळ घ्या: ३क्ष = २(१०+क्ष), क्ष = २०. दोन ओळींत संपलं. वर्गमूळ घेणं म्हणजे पळवाट, 'खरी' रीत वर्गसमीकरणाचीच, असं म्हणणाऱ्या शिक्षकांशी माझं कधीच पटलं नाही. वर्गसमीकरणाने दुसरं उत्तर हातात येतं आणि ते का टाकायचं हे कोणी सांगत नाही. जागा आधी ठरवणारा मुलगा भौतिकशास्त्र करतो, नुसतं सूत्र वापरणारा बीजगणित.

मात्र चार्जची मापं सारखी आणि चिन्हं विरुद्ध असतील तर असा बिंदू मिळतच नाही. एरवी मिळाला तरी तोल टिकाऊ नसतो: इथे २० सेंमीवर ठेवलेला धन चार्ज रेषेच्याच दिशेने जरा पुढे-मागे सरकला की निसटतो, ऋण चार्ज आडवा सरकला की. आणि हे सगळं पहिले दोन चार्ज पक्के बसवलेले आहेत असं धरून. तिन्ही मोकळे असतील तर जागा हीच, पण तिसरा चार्ज कोणताही चालत नाही. तो +३६ मायक्रोकूलोमच लागतो.